लाल राजाचा पूल

त्या उन्हाळ्यात मला कावीळ झाली आणि दीड महिना मी दोन राज्यं चालवली. दोन्हींचा कारभार आमच्या पुढच्या खोलीतल्या खाटेवरून चाले. लाल राज्य माझं होतं. निळं राज्य शत्रूचं. पण शत्रू म्हणून घरात दुसरं कुणी मिळण्यासारखं नसल्यामुळे तेही मीच बघत असे. सातवीची परीक्षा नुकतीच झाली होती. वर्गातल्या मुली आजोळी गेल्या होत्या. ज्या गेल्या नव्हत्या त्यांच्या आयांनी त्यांना आमच्या दारात पाऊल टाकायला बंदी केली होती, कारण कावीळ नुसत्या बघण्यानेही होते असं गल्लीचं मत होतं.

आमचं घर म्हणजे चादरीच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला काढलेल्या दोन खोल्या. सोलापूरच्या पूर्व भागात तेव्हा बरीच घरं अशीच होती, भिंतीच्या अलीकडे चूल आणि पलीकडे माग. आमच्या भिंतीपलीकडे बारा माग होते. त्यांचा खटखटाट सकाळच्या भोंग्याला सुरू होई, पण आम्हाला तो ऐकू येत नसे. ऐकू यायचं ते त्याचं बंद पडणं. वीज गेली की आई चुलीपुढून मान वर करून 'काय झालं?' असं विचारी, कुणीतरी हाक मारावी तशी. पाहुणे आमच्या घरात ओरडून बोलत. आम्ही साध्याच आवाजात बोलत असू, दोन खटक्यांच्या मधल्या फटीत शब्द टाकत. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत खालच्या मजल्यावर छपाई सुरू झाली की सहकारी फोनवर किंचाळायला लागत. मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत आवाज चढवावा लागला नाही.

माझ्या वडिलांना सगळे मास्तर म्हणत. ते कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. ते चादरींची नक्षी काढत. घरात आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. नक्षी काढायची म्हणजे ग्राफच्या मोठ्या कागदावर बारीक बारीक घरं रंगवायची. एक घर भरलं की चादरीत त्या जागी धागा वर येणार, रिकामं ठेवलं की खाली राहणार. कागदावरच्या प्रत्येक आडव्या ओळीची पुठ्ठ्याची एक पट्टी होई. भरलेल्या घराला भोक, रिकाम्याला काही नाही. भोकं पाडायचं काम अंबादास करी. तो आमच्या बोळाच्या तोंडाशी राहायचा, घरात तेलुगू बोलायचा आणि बाहेर सोलापूरची मराठी. त्या शेकडो पट्ट्या दोऱ्याने एकमेकींना ओवून मागाच्या डोक्यावर चढवल्या की माग त्या ओळीने वाचत जाई आणि खाली मोर उतरे. लहानपणी मला यात आश्चर्याचं काही वाटत नसे. मोर असेच होतात, असं मी धरून चालले होते.

अप्पा कागदावर खोडत नसत. हात चुकला किंवा कारखान्याचे मालक मल्लेशमशेट यांनी बदल सांगितला, तर ते त्या घरावर सफेदा लावत, नवं घर भरत आणि त्या ओळीसमोर, कडेच्या कोऱ्या पट्टीत, तांबड्या शाईचं एक टिंब देत. टिंबाचा अर्थ असा, की या ओळीतला बदल मी जाणून केलेला आहे, रंग सांडलेला नाही, दिसतं तसं भोक पाडावं. टिंब असेल तर अंबादास विचारायला येत नसे. सफेदा दिसला आणि टिंब नसलं, तर मात्र कागदाची गुंडाळी काखेत मारून तो परत येई आणि दारातूनच म्हणे, "मास्तर, हितं तुमचं टिंब न्हाय." या रीतीत तोवर कधीच घोटाळा झाला नव्हता. टिंब देणारा माणूस एकच होता.

काविळीत खाण्याचे हाल झाले. सकाळी उसाचा रस, दुपारी मऊ भात आणि ताक, मधल्या वेळेला मनुका आणि फुटाणे. तेल, तिखट, हळद बंद. आई माढ्याकडची. तिच्या हिशोबात शेंगांच्या चटणीशिवाय जेवण म्हणजे आजारपणच, त्यामुळे मी बरी होईपर्यंत ती माझ्याकडे दयेने बघत असे आणि तरीही माझ्यापासून चार हातांवर बसून रोज उखळात चटणी कांडत असे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, आणि मुसळाखाली हळूहळू सुटणारं तेल. डॉक्टरांनी तेल बंद केलं होतं, वास बंद केला नव्हता. "डोळं बघू," ती म्हणे. खालची पापणी अंगठ्याने ओढून बघे. "अजून पिवळंच हायती. ताक पी."

खेळाची सुरुवात फुटाण्यांपासून झाली. अप्पांनी मला एक रद्द झालेला ग्राफ दिला होता. शेटना न आवडलेला, मोर आणि वेल असलेला. मी तो पाटावर अंथरला आणि मला त्यात मुलूख दिसला. मोर म्हणजे किल्ले, फुलं म्हणजे गावं, आणि मधून खाली उतरणारी वेल म्हणजे नदी. नदीच्या डावीकडे लाल राज्य, उजवीकडे निळं. लाल सैन्य चिंचोक्यांचं, निळं फुटाण्यांचं. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं चालायचं. नदी ओलांडायची असेल तर चारही कवड्या एकदम उताण्या पडायला हव्यात. कैद केलेले शिपाई पटावरून उचलायचे. चिंचोके मी डबीत ठेवत असे. फुटाणे खात असे. निळ्या राज्यावरचा हा पहिला अन्याय, आणि तो भुकेपोटी झाला असं मी आजही म्हणेन.

नियम मी एका पाठकोऱ्या वहीत लिहून ठेवले होते. सुरुवातीला ते नऊ होते. एकटीने खेळताना एक गोष्ट लवकर लक्षात आली. निळा राजा माझ्यापेक्षा चांगला खेळत होता. त्याच्या बाजूने मी बेफिकीर असे, आणि बेफिकीर माणसाच्या हातून चांगल्या चाली होतात. लालच्या बाजूने मी घाबरून खेळे आणि हरायला लागे. हरायला लागले की वही उघडे. दहावा नियम असा झाला, की कवडी पाटाखाली गेली तर लालने पुन्हा टाकावी. अकरावा: कवडी पाटाखाली गेली नाही, पण जाण्यासारखी होती, तरीही. चौदावा: लाल कैदी तीन चालींनंतर पळून येऊ शकतात. एकविसावा: दुपारच्या भोंग्याच्या वेळी निळं सैन्य जेवायला बसतं. प्रत्येक नव्या नियमासमोर मी कडेला तांबड्या पेन्सिलीने एक टिंब देत असे, अप्पांसारखं. टिंब दिलं की नियम पहिल्यापासून होता असं वाटायला लागे. पहिल्या दोन आठवड्यांत लाल राज्य एकही युद्ध हरलं नाही.

माझा नातू संगणकावर असाच एक खेळ खेळतो. त्यात शेती असते, फौजा असतात, तह असतात. राजधानी पडायला आली की तो दहा मिनिटं मागच्या, जतन करून ठेवलेल्या जागी परत जातो आणि तिथून पुन्हा सुरू करतो. मी विचारलं, "आणि समोरच्याला हे चालतं?" तो म्हणाला, "आजी, समोर कुणी नाहीये. त्याला कळतच नाही." मी त्या विषयातली जाणकार आहे हे त्याला ठाऊक नाही.

चौथ्या आठवड्यात आईने उन्हाळी पापड केले. पापडांच्या डब्याला तळाशी घालायला तिला जाड कागद हवा होता. मी झोपलेली असताना तिने पाटावरचा ग्राफ उचलला, डब्याचं झाकण त्यावर ठेवून कात्रीने गोल कापला आणि कामाला लावला. मी उठले तेव्हा लाल राज्याची राजधानी दोनशे ज्वारीच्या पापडांखाली गेली होती. "जुनाच तर व्हता," आई म्हणाली, "आन् काय रडायलीस? फुटाणं तरी ठेवल्यात की डबीत."

त्याच दिवशी अप्पांनी नवा कागद पुरा केला होता. तो टेबलावर, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवून, वाळायला पसरला होता. हे काम मोठं होतं. बाहेरगावचा एक व्यापारी नव्या नमुन्यासाठी येणार होता आणि मल्लेशमशेटनी त्याला 'अखंड वेल' कबूल केली होती. काठाची वेल चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही सांधा न दिसता जायची. साध्या नक्षीत पुन्हा पुन्हा येणारा तुकडा संपतो तिथे डोळ्याला खटका बसतो. तो लपवायला अप्पांना तीन आठवडे लागले होते. टेबलावरच्या कागदाला हात लावायचा नाही, हा घरातला नियम होता. वहीतला नव्हे, खरा. मी तो असा वळवून घेतला, की हात लावायचा नाही म्हणजे पेन्सिल लावायची नाही. चिंचोके तर नुसते ठेवायचे असतात.

दुपारी आई गच्चीवर पापडांची राखण करत होती आणि अप्पा पलीकडे कारखान्यात होते. मी टेबलापाशी उभं राहून डाव मांडला. नवी नदी सुंदर होती, चार घरं रुंद, तांबड्या पानापानांची, आणि तिला कुठेच फट नव्हती. पहिल्याच झटक्यात माझ्या चारही कवड्या उताण्या पडल्या. सगळं लाल सैन्य मी नदीपार नेलं आणि निळ्याच्या किल्ल्याला वेढा दिला. मग निळ्याच्याही चार कवड्या उताण्या पडल्या. त्याचे सात फुटाणे अलीकडे आले आणि माझ्या मोकळ्या राजधानीकडे चालू लागले. मला सैन्य परत आणायचं होतं. मी कवड्या टाकल्या. दोन. पुन्हा टाकल्या, पाटाखालच्या नियमाने, जरी तिथे पाट नव्हता. एक. अकरा वेळा टाकल्या. निळा राजा तोवर थांबून होता. त्याच्या सभ्यपणाचा मला राग आला. अप्पांची सफेद्याची बाटली हाताशी होती, कुंचला बशीत होता. मी नदीवर पूल बांधला. तीन ओळी, प्रत्येकीत चार घरं, बारा घरं पांढरी. हात चांगला होता माझा, रंग बाहेर गेला नाही. आणि सवयीने, काहीही विचार न करता, मी दौतीतली काडी घेऊन तिन्ही ओळींसमोर तीन तांबडी टिंबं दिली. मग वहीत लिहिलं: नियम एकेचाळीस, संकटात लाल राजाला पूल बांधता येतो.

डाव झाला की पूल पुन्हा तांबडा करून टाकायचा, असं मी ठरवलं होतं. टिंबांचं काय करायचं ते ठरवलं नव्हतं. लाल सैन्य पुलाच्या मध्यावर असताना दारात अंबादास आला.

"मास्तर हायत का गं?"

"कारखान्यात आहेत." चिंचोके मी मुठीत गोळा केले.

"मला म्हणले, वाळला असंल तर घिऊन जा." त्याने वजनं बाजूला केली, कागदावर वाकला. भोकं पाडणाऱ्या माणसाचे डोळे आधी कडेला जातात. "तीन टिंबं हायत की. मास्तरांनी आत्ताच बदललं व्हय? सफेदा वला हाय."

मी "हो" म्हणाले.

"आता ह्याला फुंकत बसू का मी," तो म्हणाला, आणि खरोखरच पुलावर दोन फुंकरा मारून, कागद सैलसर गुंडाळून गेला. बोळाच्या वळणापर्यंत तो मला खिडकीतून दिसत होता. त्याला हाक मारायला दोन खटक्यांमधली फट पुरली असती.

त्यानंतरचे बारा-पंधरा दिवस मी बरी होत गेले. रोज काहीतरी सांगायचं ठरवत असे आणि रोज काहीतरी नवीन खायला मिळत असे. आधी तूप-मीठ-भात, मग ज्वारीच्या कण्यांची ताकातली पातळ पेज, मग भाकरीचा पापुद्रा. पुढे वर्तमानपत्रात बातमीदारांकडून मी असंख्य वेळा ऐकलं, की बाई, सांगणारच होतो. मी त्यांच्यावर फारशी कडक झाले नाही.

नमुन्याची चादर मागावरून उतरली त्या दिवशी शेटनी अप्पांना अंगणात बोलावलं. मीही दारात जाऊन उभी राहिले. चादर खाटेवर पसरली होती. तांबडी, पांढरी, आणि काठाला वेल. तो तुकडा चादरीच्या लांबीत चार वेळा येत होता आणि दोन्ही काठांना. म्हणजे मी एक पूल बांधला होता आणि मागाने आठ. अखंड वेल आठ जागी स्वच्छ कापल्यासारखी तुटली होती.

"मास्तर," मल्लेशमशेट म्हणाले. ते चिडले की हळू बोलत. "ही वेल इथं इथं का तुटलालीय?"

अप्पांनी चष्मा पुसला. अंबादासने ग्राफ आणून उलगडला. "टिंब हायत, मास्तर. तीन. मी बघूनच भोकं पाडलो."

अप्पा बराच वेळ बघत राहिले. कागदाजवळ गेले, मागे आले, बोटाने ओळी मोजल्या. टिंबाला हस्ताक्षर नसतं. ते त्यांच्या दौतीतल्या शाईचं होतं, त्यांच्या काडीचं होतं, त्यांच्या मापाचं होतं. शेवटी ते म्हणाले, "टिंब माझंच आहे."

"मग वेल तुम्हीच तोडलाव?"

"तसंच दिसतंय."

"कशाला?"

"आठवत नाही."

शेट एवढंच म्हणाले, "चष्मा बदला मास्तर. व्यापारी यायला धा दिवस हायत." ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. अप्पांनाही वाटलं असावं.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी डोळे तपासून घेतले. सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ त्यांनी घडाघडा वाचली. डॉक्टरांनी नंबर बदलला नाही. ते घरी आले तेव्हा मी पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर जेवायला बसले होते. माझ्या डॉक्टरांनी चिमूटभर शेंगाचटणीला परवानगी दिली होती. दीड महिना ज्याची वाट बघितली तो घास माझ्या हातात होता.

"डोळे ठणठणीत आहेत," अप्पा आईला म्हणाले. "म्हणजे डोक्यातच काहीतरी झालंय. हाताने केलं आणि आठवत नाही. आमचे दादा शेवटी असंच करायचे. बाजारात जायचे आणि घराचा रस्ता विसरायचे."

"कायबी बोलता," आई म्हणाली. "दमलाव तुमी. तीन आठवडं मान वर न्हाय केली."

"शेटना सांगतो, नवा कागद दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. पुढचंही काम देऊ नका म्हणतो. भोकं पडल्यावर, चादर उतरल्यावर कळणार असेल मला, तर काय उपयोग?"

ते साध्या आवाजात, फटीफटीतून बोलत होते, म्हणून मला प्रत्येक शब्द नीट ऐकू आला. चटणीला काही चव लागली नाही. आईने माझे डोळे पुन्हा तपासले.

त्या दुपारी मी वही काढली आणि पहिल्यांदाच निळ्या राजाच्या बाजूला बसून सगळे नियम वाचले. एकेचाळीसपैकी बत्तीस माझे होते, म्हणजे मागाहून घातलेले. निळ्याच्या बाजूचा त्यात एकही नव्हता. बेचाळिसावा लिहून बघितला: आजारपणात केलेली चाल धरू नये. टिंब द्यायला पेन्सिल उचलली आणि ते मात्र जमलं नाही. मी बेचाळिसाव्यावर काट मारली आणि वही अप्पांच्या टेबलावर, रिकाम्या ग्राफवर ठेवली.

"हे काय?"

"वाचा."

ते पहिल्या नियमापासून वाचू लागले. छापील मजकूर वाचावा तसे, बोट ठेवून. मी उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कैद झालेल्या फुटाण्यांचं काय होतं?"

"मी खायची."

"आणि चिंचोके?"

"ते पळून यायचे. नियम चौदा."

"वाचला. नियम दहा, अकरा, चौदा, एकवीस. सगळ्यांसमोर टिंब आहे."

"ते नंतर घातलेत."

मग एकेचाळिसावा आला. तो त्यांनी दोनदा वाचला. उठले, कोपऱ्यातला तो ग्राफ उलगडला, बारा पांढऱ्या घरांवरून अंगठा फिरवला. "सफेदा तू लावलास?"

"हो."

"टिंबं?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, माझं डोकं शाबूत आहे."

आतून आई म्हणाली, "मग च्या ठेवू का?"

चहा झाल्यावर ते रागावले. त्यांचा राग असाच, क्रमाने येणारा होता. "कागदाला हात लावलास, ते एक. टिंब दिलंस, ते दुसरं. अंबादासने विचारलं होतं का तुला?"

"विचारलं होतं."

"मग?"

"लाल हरत होता," मी म्हणाले. हे उत्तर होत नाही, हे मला बोलतानाच कळलं.

त्यांनी मला तसंच कारखान्यात नेलं. बारा मागांच्या आवाजात मला शेटना आणि अंबादासला सगळं सांगावं लागलं, आणि शेटना ऐकू येईना म्हणून दोनदा, दुसऱ्यांदा ओरडून. माझ्या आठवणीत मी आवाज चढवल्याचा तो एकच प्रसंग आहे. अंबादास म्हणाला, "मी इचारलो होतो की गं तुला! रंग वला हाय म्हणलो, फुंकर मारलो वर! तुझ्या राजाच्या पुलाला मीच वाळवलो व्हय!" शेटनी आधी अप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पूल कुणाचा म्हणलीस?"

"लाल राजाचा."

"मग त्याला सांग, पट्ट्या त्यानंच ओवायच्या."

दुरुस्ती तशी लहान होती. शेकडो पट्ट्यांतल्या तीन पट्ट्या चुकीच्या होत्या. अंबादासने तीन नव्या पाडल्या. अप्पांनी त्या उजेडात धरून एकेक भोक तपासलं, आणि दुसरा माणूस बोलवा असं एकदाही म्हणाले नाहीत. मी जुन्या तीन काढून नव्या तीन दोऱ्याने ओवल्या. त्याला पूर्ण दिवस लागला. बोटाला सुई सात वेळा टोचली, मी मोजलं. व्यापारी आला तेव्हा वेल अखंड होती. त्याने ती दोन्ही बाजूंनी बघितली, सांधा शोधला, सापडला नाही, आणि काम कारखान्याला मिळालं. आठ पुलांची चादर शेटनी आमच्याकडे पाठवून दिली. "तुझं राज्य तू पांघर," असा निरोप अंबादासने आणला.

पुढच्या रविवारी माग बंद होते. घरात विचित्र शांतता होती. अप्पांनी चादर जमिनीवर अंथरली, कवड्या मागितल्या आणि म्हणाले, "मी निळा." मी फुटाणे काढले. नियम माझ्याच वहीतले, एकेचाळीसच्या एकेचाळीस, त्यांनी एकही काढायला सांगितला नाही. भोंग्याच्या वेळी त्यांचं सैन्य मुकाट जेवायला बसलं. माझे कैदी पळून आले तेव्हा त्यांनी वाट करून दिली. अर्ध्या डावानंतर मी त्यांच्या किल्ल्याला वेढा दिला होता आणि आई भाकरी थापता थापता म्हणत होती, "हरवतीया बघा पोरगी." मग त्यांनी त्यांचे पाच फुटाणे उचलले आणि चारही कवड्या एकदम उताण्या न पडता, माझ्या पुलावरून, रांगेने अलीकडे आणले.

"असं नाही चालत," मी म्हणाले. "पूल लालचा आहे."

"बांधायचा लालने, असं लिहिलंय," अप्पा म्हणाले. "वापरायचा कुणी, ते लिहिलेलं नाही." त्यांनी राजधानी घेतली, माझा राजा उचलला. तो चिंचोका होता, खाता येण्यासारखा नव्हता, तरी त्यांनी तो दातात धरून बघितला. आई इतकी हसली की भाकरी करपली.

मग त्यांनी वही घेतली आणि मी काट मारलेल्या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: नियम बेचाळीस, टिंबाखाली नाव घालावे. त्या आठवड्यापासून त्यांनी स्वतःही ती रीत लावून घेतली. त्यांच्या पुढच्या सगळ्या ग्राफवर तांबड्या टिंबाखाली एक बारीक 'वि' आहे, विश्वनाथचा. अंबादासची सुरुवातीला कुरकुर होती, की मास्तर, तुमचं टिंब मला ठाऊक हाय की. अप्पा म्हणत, ठाऊक होतं.

ती चादर माझ्याकडे अजून आहे. विटली आहे, पण सोलापूरची असल्याने फाटलेली नाही. थंडीत पांघरते तेव्हा एक पूल बरोबर गुडघ्यावर येतो. मागच्या दिवाळीत नातवाने त्याचा तो राज्यांचा खेळ माझ्याही संगणकावर घालून दिला आणि मागे कसं जायचं ते शिकवलं. दुपारी मी तो खेळते. हरायला लागले की मागे जाते. इतक्या वर्षांत माझ्यात सुधारणा झाली असं मला म्हणता येणार नाही. मात्र शेजारी एक वही असते. काल मी राजधानी वाचवली आणि युद्ध जिंकलं. वहीत सत्तावीस टिंबं आहेत आणि प्रत्येकाखाली 'शा' आहे, शालनचा.